हातचा

पूर्ण गणित सोडवायला संगणकाला चाळीस मिनिटं लागतात.
स्वीडनकडची तार तुटली
तर ग्रिड कोसळायला आठ सेकंद पुरतात.
मला कामावर ठेवलंय ते एवढ्यासाठीच.

मोशोएनमधली ही खोली. नोव्हेंबर.
दुपारी दोनलाच दिवे लावतो आम्ही.
समोर सहाशे बारा गाठी, चौऱ्याण्णव जनित्रं,
आणि पिवळ्या चिठ्ठीवर आस्लाकचं अक्षर :
गुनवोर, अकरावर आण.

सुरुवात सोपी असते.
धक्का बसल्यावर जी जनित्रं एका लयीत डुलतात,
एकाच फ्योर्डच्या उशाशी झोपलेली,
त्यांना एक समजायचं.
सात वजनांची गोळाबेरीज, सात नावांऐवजी एक अक्षर.
कुणी तक्रार घेऊन येत नाही.
मग चटकन विरणारी थरथर.
ती विरलीच आहे असं धरून चालायचं.
घर विकत घेताना
दार आपटल्याचा आवाज कोण मोजतं?

गाठींचं मात्र तसं नाही.
गाठ काढली म्हणून शेजारी सुटत नाहीत.
आजवर जे तिच्यामार्फत बोलत होते
ते थेट एकमेकांना बांधले जातात.
कागदावर नव्या तारा उगवतात,
खांब नसलेल्या,
ज्यांवर बर्फ धरत नाही
की कावळा बसत नाही.
बेरजेतल्या हातच्यासारखं आहे हे :
उत्तरात तो कुठे लिहिलेला नसतो,
पुढच्या घरात मोजलेला असतो.

तीनशे अठरावी गाठ, स्कार्डएल्वा.
दोन पूर्णांक चार दशांश मेगावॅट.
एक टर्बाइन, पत्र्याची शेड,
आणि एकतीस वर्षं माझा मामा, हाल्वदान.
लाकडी दांडीचं एक टोक बेअरिंगवर
आणि दुसरं कानाला लावून तो उभा राहायचा,
मग ग्रीसचा डबा उचलत म्हणायचा,
आज घसा बसलाय हिचा.
पाण्याच्या जाळीवर बर्फाचा लगदा साचला
की रात्री दचकून उठायचा.
आवाज झाला म्हणून नव्हे,
बदलला म्हणून.

आधी मी त्याला जनित्र मानणं सोडलं.
लिहिलं : उणे भार.
मग तेही पुसलं.
चार शेजाऱ्यांचे आकडे
चौथ्या दशांशस्थळी जरासे हलले.
मी कॉफी आणायला गेले.

जानेवारीत तार खरंच तुटली,
पहाटे चार वाजून सहा मिनिटांनी, बर्फाच्या वजनानं.
माझ्या अकरांनी तीन सेकंदांत सांगितलं : टिकेल.
टिकलं.

सकाळी दोन्ही रेषा एकीवर एक ठेवल्या,
घडलेली आणि मी काढलेली.
मध्ये नखही शिरलं नसतं.
फक्त अकराव्या सेकंदाशी
घडलेल्या रेषेला एक कुसळ होतं.
मी ते मोठं केलं. आणखी मोठं केलं.
काहीही असेल,
अॅल्युमिनियमच्या कारखान्यातली भट्टी, एखादी पवनचक्की,
एखादा म्हातारा गव्हर्नर,
ज्याची स्प्रिंग बदलायला
कंपनी नऊ वर्षं पुढची तारीख देतेय.
आस्लाक खांद्यावरून वाकला.
शून्य पूर्णांक तीन टक्के, म्हणाला, चालेल.
मी अहवालात लिहिलं : चालेल.

संध्याकाळी मामाला फोन केला.
कळलं का काही पहाटे?
दिवा एकदा मिचकला, म्हणाला.
मी हिला म्हटलं, धर. तिनं धरलं.
मग विचारलं,
तुझ्या गणितात हल्ली कुठे असतो गं मी?
खोटं बोलता आलं असतं.
चार शेजाऱ्यांत वाटला गेलायस, मी म्हटलं.
थोडा वेळ फोनवर नुसतं पाणी वाजत राहिलं.
बरं, म्हणाला,
मग त्या चौघांना सांगून ठेव,
फेब्रुवारीत तेल बदलायचं असतं.